हुंकारा

मोठमायची, म्हणजे माझ्या आजीची, एकच अट होती. गोष्ट ऐकायची तर 'हूं' म्हणायचं. तिच्या प्रत्येक वाक्याला.

उन्हाळ्यात आम्ही सगळे धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छपरावर झोपायचो. दिवसभर तापलेलं मातीचं धाबं, संध्याकाळी त्यावर पाण्याचा शिपका मारायचा, वास निवला की गोधड्या टाकायच्या. माझी जागा तिच्या डाव्या हाताला. ती सुरू करायची, "एक व्हती चिडी नि एक व्हता कावया." मी म्हणायचे, हूं. "चिडीनं घर मेननं, कावयानं घर शेननं." हूं. हा हूं जरा लांबला की ती थांबायची. "जपी गयी का व माय?" अहिराणीत जपणं म्हणजे झोपणं. उत्तर आलं नाही की गोष्ट तिथेच मिटली. दुसऱ्या दिवशी कितीही विनवण्या केल्या तरी पुन्हा चिडी आणि कावयापासूनच सुरुवात. त्यामुळे तिच्या कितीतरी गोष्टींचे शेवट मला आजही माहीत नाहीत.

या 'जपण्या'ने पहिलीत माझी फजिती केली. परिपाठात गुरुजी म्हणाले, आता सगळ्यांनी डोळे मिटून देवाचा जप करा. आम्ही चार-पाच जणी सरळ सतरंजीवर आडव्या झालो.

पण खरा घोळ 'ळ'चा. आमच्याकडे ळ नाहीच. केळी म्हणजे केयी, डोळा म्हणजे डोया, काळी म्हैस म्हणजे कायी म्हैस. दुसरीत मी उभी राहून मोठ्याने धडा वाचत होते आणि पुस्तकात स्पष्ट 'कावळा' छापलेला असताना 'कावया' वाचत होते. गुरुजींनी पुस्तक माझ्या नाकाजवळ धरलं. "यात य कुठे दिसला तुला? दाखव." मी बोट ठेवलं ते ळ वरच. माझ्या डोळ्यांना तो ळ दिसत होता, पण कानांना चिडीचा शेजारी ऐकू येत होता. हातावर एक पट्टी बसली, आणि मधल्या सुट्टीपर्यंत मी जीभ टाळूला लावून ळळळ करत बसले. आला एकदाचा. घरी येऊन मोठमायला मोठ्या दिमाखात 'कावळा' म्हणून दाखवलं तर ती पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, ही पोरगी पुण्याला द्यावी लागणार. द्यायची काही वेळ आली नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी गेली बरीच वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना ळ शिकवते आहे.

आमचं गाव बोरीकाठचं, अमळनेरपासून एसटीने अर्ध्या-पाऊण तासावर. पाठ्यपुस्तकाबाहेरचं पुस्तक म्हणजे शाळेतली एक पत्र्याची पेटी आणि महिन्याला येणारा 'किशोर'. बालभारतीने तो 1971च्या नोव्हेंबरात सुरू केला. आमच्या शाळेत मात्र तो कधीही चालू महिन्याचा मिळत नसे. आधी गुरुजींच्या घरी, मग सरपंचांच्या घरी, मग आमच्याकडे. दिवाळी अंक होळीला हातात पडायचा. त्याने काही बिघडायचं नाही, उलट थंडीतली गोष्ट उन्हात वाचताना जरा गार वाटायचं.

वाचायची जागा मात्र झकास होती. वेचणी सुरू झाली की आमचं पुढचं घर कापसाने भरायचं. भाव वाढेल या आशेवर वडील महिनोन्‌महिने कापूस घरातच ठेवायचे, आणि खालच्या दोन खणांत तो पार आढ्याला टेकायचा. त्या ढिगावर चढून पाठीने खळगा केला की खुर्चीपेक्षा ऐसपैस बैठक तयार. अंगाला खाज सुटायची, केसांत सरकी अडकायची, वडील खालून ओरडायचे की माल दबतोय. मी 'फास्टर फेणे' वाचत असायचे.

भा. रा. भागवतांचा हा काटकुळा पोरगा, बनेश फेणे, फुरसुंगीचा. शिकायला पुण्यात, विद्याभवनमध्ये. सायकलवर वाऱ्यासारखा सुटतो आणि जिभेने 'ट्टॉक' करतो. तो 'ट्टॉक' मला चटकन जमला, कारण ळसाठी जीभ टाळूला लावायचा सराव झालेलाच होता! मुलगी असून मी फास्टर फेणे का होते, चिंगी का नव्हते, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' आणि त्यांचीच 'चिंगी' पेटीत होती. पण चिंगीला सायकल नव्हती. मग मी भावाची सायकल काढायची. सीटवर बसलं तर पाय पुरत नसत, म्हणून नळीच्या आतून पाय घालून, कैची मारत पाण्याच्या टाकीपर्यंत. वाटेत चोर शोधायचे. चोर नव्हते. एक आजोबा होते, ते रोज विचारायचे, कोणाची गं तू?

फुरसुंगी हे गाव पारोळ्याच्या पलीकडे कुठेतरी असणार अशी माझी समजूत होती. नोकरी लागल्यावर एका प्रशिक्षणासाठी पहिल्यांदा पुण्याला गेले. बसथांब्यावर उभी होते, समोरून शहर बस आली आणि तिच्या कपाळावर पाटी, 'फुरसुंगी'. मी बरोबरच्या बाईंचा दंडच धरला. त्यांना वाटलं मला चक्कर आली. त्या पुण्याच्या, त्यांना त्या पाटीत काही विशेष दिसेना. पुस्तकातलं गाव रोज बसच्या पाटीवर दिसणं हे त्यांच्या दृष्टीने साधं होतं. मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की मी वाचलेली सगळी गावं तिकडची होती. सह्याद्री ओलांडून कोकणात, नाहीतर पुण्या-मुंबईत. तापी, गिरणा, पांझरा, बोरी यांपैकी एकाही नदीत माझा एकही नायक कधी बुडता बुडता वाचला नव्हता.

'चांदोबा'ला मात्र गाव-बीव लागायचं नाही. तो दक्षिणेत 1947 साली तेलुगू-तमिळमध्ये निघाला आणि मग मराठीसकट कितीतरी भाषांत आला. त्याच्यातले राजे कुठलेच नव्हते, म्हणून सगळीकडचे होते. विक्रमाच्या खांद्यावर लोंबणारा वेताळ आणि हातातली तलवार हे चित्र शंकर यांचं. ते चित्रकार 2020 साली 96व्या वर्षी गेले, तेव्हा मी वर्गात मुलांना ते चित्र दाखवलं. पण मला लहानपणी खटकायची ती त्या गोष्टीतली अट. वेताळ गोष्ट सांगणार आणि राजाने वाटेत तोंड उघडायचं नाही. बोलला की वेताळ उडून पुन्हा झाडावर. आमच्या घरी बरोबर उलटं होतं, बोललं नाही तर गोष्ट उडायची. मी मोठमायला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, भूतच ते, त्याला काय सांगता येतं गोष्ट.

ज्या हिवाळ्यात मी पाचवीत होते त्या हिवाळ्यात आमच्या जागा बदलल्या. मोठमायच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, अंधार पडल्यावर तिला काही सुचत नसे. मला शाळेतून 'श्यामची आई' मिळालं होतं. मी कापसावर, ती खाली चुलीशी गोणपाटावर. मी वाचू लागले आणि ती सवयीने म्हणाली, हूं.

मोठमायला अक्षर येत नव्हतं आणि पुस्तकातली मराठी अर्धीच कळायची. म्हणून मी एक परिच्छेद मराठीत वाचायचे आणि मग तोच अहिराणीत सांगायचे. माझं पहिलंवहिलं भाषांतर ते, आणि अडायचं फार. फणस कसा सांगू? मीही तो पाहिलेला नव्हता. खरबुजाएवढा, वरून काटे, आत गरे, असं काहीतरी सांगितलं. तिने धोतऱ्याचं बोंड डोळ्यांपुढे आणलं असावं, कारण ती म्हणाली, तसलं खातात का? समुद्राशी आल्यावर मी तापीच्या महापुराचं उदाहरण दिलं. "मंग तो उतरस कव्हय?" तिने विचारलं. पूर आहे तर ओसरणारच, हा तिचा हिशेब. समुद्र कधी ओसरत नाही हे तिला काही केल्या पटलं नाही.

गोष्टी मात्र तिला सगळ्या कळत होत्या. पोहायला जायच्या भीतीने श्याम लपून बसतो आणि आई शिंपटीने त्याला झोडून विहिरीवर पाठवते, तिथे मोठमायने हूं म्हटलं नाही, मानच हलवली. तिच्या माहेरी एक मुलगा विहिरीत गेला होता. न्हाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट करतो आणि आई ओचे पसरून त्यावर पाय ठेवायला सांगते, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, जपी गयी. तर अंधारातून आवाज आला, "पाटलिनबाई व्हती ती. आमना पोऱ्या चिखलमाच वाढनात."

बेचाळीस रात्रींचं पुस्तक आम्हाला सगळा हिवाळा पुरला. आई गेल्याचा भाग आला त्या दिवशी मी रडत वाचत होते, त्यामुळे भाषांतर धड होत नव्हतं. तिने ते मागितलंही नाही. संपल्यावर डोळे पुसत विचारलं, "हाई कोनी लिखं?"

मी अभिमानाने सांगितलं, "अमळनेरना मास्तरनी."

तिला अमळनेर माहीत होतं, बाजाराचं गाव. ती जरा विचारात पडली. "अमयनेरना? मंग आपलं काबर नही लिखं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चुलीतलं लाकूड पुढे सारत तिनेच ते दिलं, "त्यानी माय तठे व्हती ना."

हे उत्तर मी पुढे अनेकदा पारखून पाहिलं, आणि दरवेळी ते टिकलं. साने गुरुजी मूळ पालगडचे, दापोलीकडचे. आई गेल्यानंतर काही वर्षांनी ते तत्त्वज्ञान शिकायला अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले, आणि 1924 साली तिथल्या हायस्कुलात शिक्षक झाले. तेच आजचं प्रताप हायस्कूल. छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुलांचे बिछाने आवरून ठेवणारा, भांडी घासून ठेवणारा हा शिक्षक. 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक ते स्वतः लिहून मुलांसाठी लावत. रोज! मला महिन्याचं एक भित्तिपत्रक निघता निघत नाही. 1928 साली त्यांनी 'विद्यार्थी' मासिक काढलं. 1930 साली नोकरी सोडून ते चळवळीत गेले, मग तुरुंग.

सहा वर्षं. या सहा वर्षांत त्यांनी खान्देशातल्या कितीतरी खेड्यांतून आलेली, घर सोडून राहिलेली पोरं रात्री पाहिली असणार. दिवसा कुठलाही पोरगा शूर असतो, घर आठवतं ते रात्री. 'श्यामची आई' रात्रींमध्ये का विभागलं आहे याची माझ्यापुरती फोड ही. कागदोपत्री पुरावा नाही, पण छात्रालयात राहिलेल्या माणसाला विचारा. गोष्ट पालगडची असेल, तिला हूं म्हणायला शिकले ते अमळनेरच्या खोल्यांतले कान.

आणि ते स्वतःही ऐकणारे होते, हे आपण विसरतो. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी एक अध्याय, अठरा रविवार अठरा अध्याय. समोर बसून ती उतरवून घेणारे साने गुरुजी. विनोबा बोलले आणि गुरुजींनी लिहून घेतलं, म्हणून 'गीता प्रवचने' आपल्या हातात आहे. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात 9 फेब्रुवारीला गुरुवारी त्यांनी 'श्यामची आई' लिहायला घेतलं आणि 13 तारखेच्या सोमवारी पहाटे संपवलं. पाच दिवस! आम्हाला वाचायला हिवाळा लागला. अठरा रविवार दुसऱ्याचं शब्दन्‌शब्द ऐकून झाल्यावर स्वतःचं असं भडाभडा बाहेर आलं असेल का, असं मला वाटत राहतं.

हे पुस्तक फार रडवतं, मुलांना सारखं शहाणं करायला बघतं, ही तक्रार मी ऐकलेली आहे आणि ती पुरती खोटी नाही. शेवटचा भाग मी वर्गात वाचत नाही. एका वर्षी सुरू केला होता. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी खिडकीकडे बघू लागली, आणि मला आठवलं की तिची आई गेल्या पावसाळ्यात गेली. पुस्तक मिटलं. तेव्हापासून मी पोहण्याचीच रात्र वाचते, तीही मुलांना आधी विचारून की तुम्हाला कोणी कोणी ढकललंय विहिरीत. मग अर्धा तास पुस्तकाची गरजच पडत नाही.

जळगावहून भुसावळला पॅसेंजरने जाताना मध्ये भादली लागतं. गाडी तिथे मिनिटभर थांबते, कधी क्रॉसिंग असेल तर जास्त. बालकवी इथे गेले. 5 मे 1918, रेल्वेच्या अपघातात, सत्तावीस वर्षांचे. जन्म धरणगावचा, 1890चा. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या कोवळ्या पोराला 'बालकवी' म्हटलं गेलं आणि ते नाव चिकटलं. माझे विद्यार्थी दरवर्षी समजतात की बालकवी म्हणजे बाळांसाठी लिहिणारा. मीही लहानपणी तेच समजत होते. खरं तर 'औदुंबर' ही आठ ओळींची कविता मुलांची मुळीच नाही, ती मला चाळिशीनंतर जराशी उलगडली. पण पाठ्यपुस्तकाने ती आम्हाला लहानपणीच दिली आणि आम्ही ती पाठ करून टाकली. त्या कवितेत गाव आहे, झरा आहे, पायवाट आहे. कुठलं गाव? नाव नाही. धरणगावचा माणूस लिहितो, तरी गावाचं नाव नाही. भादलीला गाडी थांबली की मी खिडकीतून बाहेर बघते. कपाशी, केळीचे मळे, विजेचे खांब. औदुंबर दिसत नाही.

बहिणाबाईंनी मात्र माझ्या वतीने सूड उगवला. असोद्याच्या या बाईला अक्षरओळख नव्हती. दळताना, शेतात राबताना ती जे म्हणायची ते घरातल्यांनी उतरवून घेतलं. ती 1951 साली गेली, आणि मुलगा सोपानदेव आणि आचार्य अत्रे यांच्यामुळे 1952 साली ते पुस्तक झालं. इथेही तेच, कोणीतरी ऐकत बसलं होतं म्हणून. तर हायस्कूलमध्ये आम्हाला त्यांची मनावरची कविता आली. पहिल्याच ओळीत एक शब्द अडला, 'वढाय'. मराठीच्या बाईंनी फळ्यावर लिहिलं, वढाय म्हणजे वढाळ, सारखं पिकात शिरणारं ढोर. मी फळ्याकडे बघतच राहिले. ळचा य! छापलेला! महाराष्ट्रभरच्या मुलांना तो य पाठ करावा लागणार होता आणि अर्थासाठी खाली टीप होती. दुसरीतल्या त्या गुरुजींना जाऊन पान दाखवावं असं फार वाटलं. ते तोवर बदलून गेले होते.

त्या वयाला, म्हणजे तेरा-चौदाला, एक खड्डा असतो. गोट्या आणि फास्टर फेणे लहान वाटू लागतात, आणि पुढे लगेच जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या. मध्ये उभं राहायला जागा नाही. इंग्रजीत या वयासाठी वेगळी कपाटं असतात म्हणे. मराठीत आपण 'कुमार साहित्य' असं म्हणतो आणि विषय संपवतो. मी त्या खड्ड्यातून सरळ 'कोसला'त पडले. भालचंद्र नेमाडे सांगवीचे, यावल तालुक्यातले, आणि त्यांचा पांडुरंग सांगवीकर इथूनच पुण्याला शिकायला जातो. पुस्तक 1963चं, आणि लेखक तेव्हा पंचविशीतला. दहावीच्या सुट्टीत वाचलं, निम्मं कळलं नाही, पण घरची माणसं ज्या तऱ्हेने बोलत होती ती तऱ्हा ओळखीची होती. तेवढ्यावर मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. अर्थात, पंधराव्या वर्षी मुलीला 'कोसला' द्यावं असं मी कोणाला सांगणार नाही. ती भूक भागवणारं दुसरं काही हातात नव्हतं म्हणून ते घडलं.

फार पुढे प्रकाश नारायण संतांचा लंपन भेटला, 'वनवास'मध्ये. कन्नड वळणाची मराठी बोलणारा, आजी-आजोबांकडे वाढणारा, 'मॅडसारखा' हा शब्द जिथे-तिथे लावणारा मुलगा. संत भूविज्ञानाचे प्राध्यापक होते, आणि त्यांनी त्या पोराची बोली जराही धुऊन-पुसून स्वच्छ केली नाही. ते वाचून मला आनंद झाला आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला. सीमेवरच्या त्या पोराला असा लेखक मिळाला. धाब्यावर झोपणारा, कापसाच्या ढिगावर वाचणारा, कानबाईच्या रोटांची वाट बघणारा आणि आखाजीला झोक्यावर बसणारा लंपन अजून माझ्या हाती लागायचा आहे. झोक्यावर बसणारी म्हणते मी. मुलगी असलेली बरी.

2024च्या फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन भरलं, सत्त्याण्णवावं, प्रताप महाविद्यालयात. एक दिवस रजा टाकून गेले. ग्रंथदालनात धूळ, गर्दी आणि चहा. चार-पाच ठिकाणी विचारलं, अहिराणीत लहान मुलांसाठी काही? एका स्टॉलवरच्या पोराने खूप शोधून म्हणींचं पुस्तक पुढे केलं. "ताई, हे चालेल का?" त्याचा चेहरा इतका होतकरू होता की मी घेतलं. शिवाय माधुरी पुरंदऱ्यांची 'राधाचं घर'ची पुस्तकं घेतली. वर्गातल्या आधीच्या प्रती मुलांनी अक्षरशः खाऊन संपवल्या होत्या, एकाने तर खरोखर कोपरा चावला होता. त्या पुस्तकांत उपदेश नाही, घर आहे. राधाचं घर आमच्या मुलांच्या घरासारखं नाही, तरी ती त्यात सहज शिरतात. आमच्यासारखंच असेल तरच मुलांना आवडतं असं मी म्हणत नाहीये. मोठमायला कोकण कळलंच की.

परत येताना एसटीत 'तोत्तोचान' पुन्हा चाळलं. चेतना सरदेशमुख गोसावी यांचं मराठी, नॅशनल बुक ट्रस्टने काढलेलं. तेत्सुको कुरोयानागीचं हे पुस्तक आमच्या शिक्षकांत ज्याने-त्याने वाचलेलं असतं, निदान तसं सांगितलेलं असतं. रेल्वेच्या डब्यात भरणारी शाळा सगळ्यांच्या लक्षात राहते. माझ्या लक्षात पहिला दिवस राहतो. एका शाळेतून काढून टाकलेली ती पोर मुख्याध्यापकांसमोर बसते, ते म्हणतात, तुला जे सांगायचं असेल ते सांग, आणि मग चार तास ऐकतात. चार तास! माझ्याकडे पहिली ते चौथीचे वर्ग, एक सहकारी, पोषण आहाराची नोंदवही आणि दुपारपर्यंत ऑनलाइन भरायची माहिती. चार मिनिटं निघाली तरी देव पावला.

माझ्या वर्गातली बरीचशी मुलं पावरा. घरची बोली पावरी. अहिराणी त्यांना बाजारात ऐकून माहीत, आणि मराठी माझ्याकडून. म्हणजे आता पट्टी हातात असलेली मी. पट्टी मी वापरत नाही, पण ळ म्हण, असं म्हणते. पुस्तकात बघ काय लिहिलंय, असंही म्हणते. एकदा स्वतःचं वाक्य स्वतःच्या कानावर पडलं आणि मी खुर्चीत बसले.

त्यानंतर शनिवारी दप्तर बंद. मुलांनी घरून एक गोष्ट आणायची. पहिले दोन शनिवार कोणीच बोललं नाही. बाईंपुढे पावरीत बोलायचं म्हणजे काहीतरी चूक, इतकं ते अंगात मुरलेलं. तिसऱ्या शनिवारी एक मुलगा उठला. वर्गात कधी तोंड न उघडणारा, वडील केळीच्या मळ्यात कामाला, हजेरी निम्मी. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि सुरू झाला. मला त्यातला वाघ कळला, डोंगर कळला, बाकी काहीच नाही. मुलं मात्र खिदळू लागली, मग एकदम गप्प झाली, मग एक जण घाबरून दुसऱ्याला चिकटला. मी एकटी बाहेर. मोठमायसारखी, समुद्र कधी ओसरतो विचारणारी.

काय करावं सुचेना, म्हणून मी हूं म्हटलं.

तो थांबला. माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा म्हटलं, हूं. तो पुढे बोलू लागला. प्रत्येक वाक्याला मी हूं देत गेले, आणि त्याचा आवाज मोठा होत गेला, हात सुटले, भिंत सोडून तो वर्गाच्या मध्यावर आला. मला बरं वाटू लागलं, जमतंय म्हणून. मग एका ठिकाणी मी असाच एक हूं दिला आणि सगळा वर्ग फिस्सकन हसला.

तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "बाई, आत्ता नाही," तो मराठीत म्हणाला. "आत्ता तर वाघ विचारतोय."